आमचा नर मेटिंगसाठी का देत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी उमदा, नसबंदी न केलेला नर कुत्रा असला की फिरायला निघाल्यावर कोणीतरी थांबवून विचारतंच, "मेटिंगला देता का?" पुष्कळ श्वानपालक नाही म्हणतात. मीही त्यांच्यातलीच. नकार दिला की पुढचा प्रश्न येतो, "का? काय जातं तुमचं?" तो विचारणारे बहुतेक लोक मनाने चांगले असतात. त्यांचं त्यांच्या मादीवर प्रेम असतं, म्हणूनच उत्तर नीट द्यावंसं वाटतं. जी पिल्लं जन्माला येणार त्यांची निम्मी जबाबदारी नराच्या मालकाची असते. ती पेलायची तयारी नसेल तर नर देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

नर निरोगी आहे, देखणा आहे, पेपरही आहेत. मग अडचण कसली?

पेपर म्हणजे वंशावळ. कुत्र्याचे आईबाप, आजोबा-पणजोबा कोण होते, एवढंच त्यावरून कळतं. त्यांचे सांधे, डोळे, हृदय कसं होतं याबद्दल तो कागद बहुतेक वेळा गप्प असतो. नोंदणी असलेल्या कुत्र्यालाही आनुवंशिक आजार असू शकतो. मुळात एकेका जातीत ठरावीक आजार साठत गेले तेच बंदिस्त वंशावळींमुळे.

देखणेपणाचंही तसंच आहे. चमकदार अंगकांती आणि रुंद छाती यावरून चांगलं अन्न आणि व्यायाम मिळतोय हे कळतं. पिल्लांना पुढे काय जाणार, हे त्यावरून कळत नाही.

दिसायला तर ठणठणीत आहे. टेस्ट कशाला हव्यात?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच असतो, त्यामुळे या उत्तराला थोडा वेळ देते.

कुत्र्यांमधले अनेक आनुवंशिक आजार अप्रकट असतात. सदोष जनुकाची एकच प्रत असलेला कुत्रा आयुष्यभर धडधाकट राहतो. तो फक्त वाहक असतो. असा नर आणि तशीच वाहक मादी एकत्र आली की सरासरी दर चार पिल्लांमागे एकाला आजार होतो आणि दोन पिल्लं वाहक होतात. लॅब्रॅडॉरमध्ये दृष्टिपटल हळूहळू निकामी करणारा आजार असाच पसरतो, आणि जोरात पळाल्यावर मागचे पाय गळून कुत्रा कोसळतो तो आजारही. दोन्हींसाठी डीएनए टेस्ट आहे. रक्ताचा किंवा गालाच्या आतल्या लाळेचा नमुना पुरतो. ती न करता "आमचा ठणठणीत आहे" असं म्हणण्यात काही अर्थ उरत नाही, कारण वाहक ठणठणीतच दिसतो.

काही आजार उशिरा उघडे पडतात. डोबरमनमध्ये हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याचा आजार बऱ्याचदा मध्यम वयात लक्षात येतो, कधी थेट अचानक मृत्यूनेच. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये हृदयाच्या झडपेचा आजार इतका पसरला आहे की प्रजननाआधी हृदय तपासून घ्यावं आणि कुत्रा किमान अडीच वर्षांचा होईपर्यंत थांबावं, असा सल्ला दिला जातो. दीड वर्षाचा नर मेटिंगला देणाऱ्याला हे कळायला वावच नसतो. नर सहा वर्षांचा होऊन आजारी पडतो तोवर त्याची पिल्लंही मोठी झालेली असतात आणि त्यांनाही पिल्लं झालेली असतात.

कमरेच्या सांध्याचा दोष, म्हणजे हिप डिस्प्लेशिया, आणखी गुंतागुंतीचा. तो एका जनुकाने ठरत नाही. अनेक जनुकं, वाढीच्या वयातलं वजन, आहार, व्यायाम अशा सगळ्यांचा त्यात वाटा असतो. त्यासाठी डीएनए टेस्टवर विसंबता येत नाही, एक्स-रे काढावा लागतो. सांध्यांच्या दोषांची नोंद ठेवण्यासाठी 1966 साली सुरू झालेली अमेरिकेतली ओएफए ही संस्था कमरेचा अंतिम दर्जा कुत्रा 24 महिन्यांचा झाल्यावरच देते. आणि आईबाप दोघांचेही सांधे चांगले असले तरी पिल्लात दोष येऊ शकतो. टेस्टने धोका कमी होतो, शून्य होत नाही. एवढं सगळं करायची तयारी, खर्च आणि चिकाटी ज्याच्याकडे नाही त्याने नकार देणं हा सरळ प्रामाणिकपणा आहे.

पण एकदाच! एका मेटिंगने जातीचं काय बिघडणार?

मोठ्या जातींत एका वेतात सात-आठ पिल्लं सहज होतात. त्यातल्या काहींना पुढे पिल्लं होतात. "एकदाच"चा हिशोब तिथून वाढत जातो.

शिवाय नर आणि मादी यांच्यात मोठा फरक आहे. मादी साधारण वर्षातून दोनदा माजावर येते, साधारण दोन महिने गाभण राहते, पिल्लं पाजते. तिच्या पिल्लांना निसर्गानेच मर्यादा घातली आहे. नराला तशी मर्यादा नाही. एकदा दिला की बातमी पसरते आणि दुसरा फोन येतो, मग तिसरा. स्पर्धांत जिंकलेल्या नरांच्या बाबतीत हेच होतं. एकाच लोकप्रिय नराकडून इतकी पिल्लं होतात की काही पिढ्यांनी त्या जातीतले बहुतेक कुत्रे एकमेकांचे नातेवाईक निघतात, आणि त्या नराचा लपलेला दोष सगळीकडे पोचलेला असतो. म्हणूनच एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाने शिफारस केली आहे की पाच वर्षांत त्या जातीत नोंदल्या गेलेल्या पिल्लांच्या 5 टक्क्यांहून अधिक पिल्लं एकाच कुत्र्याची नसावीत.

दोष जातीत मुरला की काय होतं याचं डाल्मेशियन हे बोलकं उदाहरण. ठसठशीत ठिपक्यांसाठी निवड होत गेली आणि लघवीत युरिक अॅसिड जास्त सोडणारं जनुक जवळजवळ सगळ्या जातीत पक्कं बसलं. मुतखड्याचा त्रास तिथून आला. तो सुधारण्यासाठी 1973 साली पॉइंटर जातीशी संकर करावा लागला, आणि त्या संकरातून आलेल्या कुत्र्यांना डाल्मेशियन म्हणून मान्यता मिळायला कित्येक वर्षं गेली.

मेटिंगमधून रोग लागतात का?

लागतात, आणि नकार देणाऱ्या जाणत्या लोकांच्या मनात हे कारण फार वर असतं.

ब्रुसेला कॅनिस हा जिवाणू सगळ्यात घातक. मादी दिवस भरत आले असताना गाभडते, किंवा पिल्लं अशक्त जन्मून मरतात. नराच्या वृषणांना सूज येते, पुढे तो वांझ होऊ शकतो. कित्येकदा बाहेरून काहीच लक्षण दिसत नाही आणि कुत्रा रोग पसरवत राहतो. अँटिबायोटिक्स देऊनही जिवाणू शरीरातून पूर्ण जाईल याची खात्री नसते. हा रोग माणसालाही होतो. पिल्लं काढताना, जार-पाणी साफ करताना हात लावणाऱ्याला धोका असतो. संसर्ग नवा असेल तर टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. मेटिंगआधी दोन्ही बाजूंची ताजी ब्रुसेला टेस्ट मागितली तर अनेक जण दुखावतात. त्यात दुखावण्यासारखं काही नाही.

दुसरा आहे लैंगिक संबंधातून पसरणारा गाठीचा कर्करोग. इथे विषाणू नसतो, कर्करोगाच्या जिवंत पेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जातात. हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्यापासून सुरू झालेली ही पेशींची परंपरा आजही जगभर चालू आहे. व्हिन्क्रिस्टीन या कर्करोगावरच्या औषधाच्या आठवड्याला एक अशा इंजेक्शनांनी बहुतेक कुत्रे बरे होतात, पण त्या काळात कुत्र्याचे हाल होतात.

कुत्र्यांचा हर्पिस विषाणू मोठ्या कुत्र्यांत फारसा दिसत नाही, मात्र तीन आठवड्यांखालच्या पिल्लांचा जीव घेतो.

नराला यात कसला त्रास? त्याला तर हवंच असतं.

मेटिंग करताना नर-मादी अडकतात. नराच्या लिंगाच्या मुळाशी असलेला भाग फुगतो आणि दोघं पाठीला पाठ लावून साधारण 5 ते 30 मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ, तसेच उभे राहतात. हे नैसर्गिक आहे. पण मादी घाबरून ओढू लागली, बसली किंवा उलटली, किंवा कोणी अज्ञानापोटी पाणी ओतून, काठीने त्यांना सोडवायला गेलं, तर दोघांनाही गंभीर इजा होऊ शकते. अनोळखी मादी चावते, तेही बहुधा तोंडावर. बुलडॉग, पग यांसारख्या चपट्या तोंडाच्या जातींचा नर तर त्या धडपडीत धापा टाकत तापतो, त्याच्यासाठी तो उष्माघाताचा धोका असतो.

मेटिंगनंतर काही नर घरात टांग वर करू लागतात, दुसऱ्या नरांशी भिडतात, मादीच्या वासावर पळून जायला बघतात. सगळेच तसे होतात असं नाही. पण ज्या घरात लहान मुलं आहेत, दुसरा नर आहे, तिथे हा धोका का पत्करायचा?

एकदा तरी मेटिंग झालं नाही तर नर चिडका होतो, आजारी पडतो म्हणतात.

नाही होत. मेटिंगची संधी न मिळाल्याने कुत्रा आजारी पडतो याला वैद्यकीय आधार नाही. वय वाढल्यावर नसबंदी न केलेल्या नरांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते, वृषणात गाठी होऊ शकतात. हे हार्मोन्समुळे होतं, मेटिंग केल्याने टळत नाही. त्यावरचा इलाज नसबंदी आहे.

कुत्रा अस्वस्थ असेल तर आधी त्याचा व्यायाम, एकटेपणा, कंटाळा आणि दुखणं तपासा.

आमच्या मादीला तब्येतीसाठी एक तरी वेत हवं, असं सांगितलंय.

हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि त्यापायी कितीतरी माद्या उगाच गाभण केल्या जातात. एकदा व्याल्याने मादीचं स्तनाच्या गाठींपासून संरक्षण होतं याला आधार नाही, आणि पायोमेट्राचा, म्हणजे गर्भाशयात पू होण्याचा, धोकाही त्याने टळत नाही. उलट गाभणपण आणि विणं यांत धोका असतो. पिल्लू अडकतं, सिझेरियन करावं लागतं, पाजताना रक्तातलं कॅल्शियम घसरून मादीला झटके येऊ शकतात. बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग आणि बोस्टन टेरियर या जातींत तर ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत 80 टक्क्यांहून अधिक वेतं सिझेरियनने झाल्याचं आढळलं होतं. ज्या माद्या नैसर्गिकरीत्या विऊच शकत नाहीत त्यांच्यासाठी नर मागायला आलेल्याला नाही म्हणताना मला जराही संकोच वाटत नाही.

स्टड फी, म्हणजे नर दिल्याचे पैसे, मिळते किंवा एक पिल्लू मिळतं. ते नको का?

फी घेतली की अपेक्षा आल्या. मादी गाभण राहिलीच नाही तर पुन्हा मेटिंग द्यायचं का? एकच पिल्लू झालं तर ते कोणाचं? पिल्लात दोष निघाला तर पैसे परत? हे आधी लिहून न ठेवल्यामुळे चांगली मैत्री तुटलेली मी पाहिली आहे. आणि फीच्या बदल्यात घेतलेलं पिल्लू म्हणजे पंधरा वर्षांचं पालनपोषण. ते पाळायचं नसेल तर ते विकायचं, म्हणजे आपणही विक्रेते झालो.

खरा प्रश्न मला उरलेल्या पिल्लांचा वाटतो. मादीच्या मालकाने "सगळी पिल्लं चांगल्या घरी जातील" असं सांगितलं तरी आठवं पिल्लू कुठे गेलं हे नराच्या मालकाला कळतच नाही. ते साखळीला बांधलं गेलं, रस्त्यावर सोडलं गेलं, की दर हीटला, म्हणजे दर माजाला, पिल्लं काढणाऱ्याकडे पोचलं, काहीच कळत नाही. ती पिल्लं आपल्या कुत्र्याची आहेत. आश्रयगृहं जातिवंत आणि संकरित, दोन्ही प्रकारच्या सोडून दिलेल्या कुत्र्यांनी भरलेली असतात. ज्यांनी तिथे एकदा काम केलंय त्यांच्या नकारामागे बहुतेक वेळा हेच असतं.

तुमचा कुत्रा इतका गुणी आहे, मला अगदी त्याच्यासारखंच पिल्लू हवंय.

ही मागणी ऐकून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण पिल्लू अर्धंच त्याच्याकडून येतं, आणि जनुकांची वाटणी दर पिल्लात वेगळी होते. एकाच वेतातली भावंडं स्वभावाने दोन टोकांची निघतात. शिवाय त्याचा शांतपणा बराचसा त्याच्या लहानपणातून आला आहे. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला माणसं, आवाज, जागा, दुसरी जनावरं यांची जी ओळख होते तिचा ठसा जन्मभर राहतो. तसा कुत्रा हवा असेल तर चांगल्या आईबापाचं किंवा आश्रयगृहातलं पिल्लू घ्या आणि त्या काळात त्याला वेळ द्या.

याची दुसरी बाजूही आहे. भित्रेपणा आणि आक्रमकपणा काही प्रमाणात आनुवंशिक असतात. घरच्यांशी प्रेमळ पण परक्यांवर धावून जाणारा, फटाक्याच्या आवाजाने कोसळणारा नर असेल, तर मालकाने नाही म्हणणंच योग्य, मग तो दिसायला कितीही राजबिंडा असो.

काही नर कोणत्याही परिस्थितीत देऊच नयेत, असं असतं का?

हो. ज्याचं एक किंवा दोन्ही वृषण पोटातून खाली उतरलेले नाहीत तो. हा दोष आनुवंशिक आहे आणि पोटात राहिलेल्या वृषणाला गाठ होण्याचा धोका बराच जास्त असतो. मर्ल, म्हणजे फिकट अंगावर गडद चट्टे अशा रंगाचा नर मर्ल मादीला कधीही देऊ नये. त्यांच्या पिल्लांत सरासरी चारातलं एक दुहेरी मर्ल होतं, म्हणजे त्याला मर्लचं जनुक आईबाप दोघांकडून मिळतं, आणि अशी पिल्लं अनेकदा बहिरी, आंधळी किंवा दोन्ही जन्मतात. अपस्माराचे झटके येणारा नर, कायम त्वचेच्या अॅलर्जीने हैराण असलेला नर, नाकपुड्या मिटलेला आणि घोरत श्वास घेणारा नर, हेही यात आले. "औषधाने आटोक्यात आहे" हे उत्तर त्या कुत्र्यासाठी चालेल, त्याच्या पिल्लांसाठी नाही.

कृत्रिम रेतन केलं तर बरेच प्रश्न सुटतील ना?

चावणं, अडकणं, प्रवास हे टळतं. ब्रुसेला वीर्यातूनही जातो, त्यामुळे टेस्ट करावीच लागते. आणि जनुकं तीच राहतात.

मेटिंगला द्यायचा नाही, तर नसबंदी का नाही करत?

काही जण करतात. काही जण थांबतात. मोठ्या जातींत वाढ पूर्ण होण्याआधी नसबंदी केली तर सांध्यांचे काही आजार वाढू शकतात, हे 2013 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या गोल्डन रिट्रीव्हरच्या अभ्यासातून पुढे आलं. म्हणून कित्येक पशुवैद्य मोठ्या नरांसाठी वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात. काही कुत्र्यांना भूल देणं धोक्याचं असतं. नसबंदी झालेली नाही याचा अर्थ नर उपलब्ध आहे असा घेऊ नये. तेवढी खबरदारी मात्र मालकाने घ्यायलाच हवी: पट्टा, बंद फाटक, जवळपास मादी माजावर असेल तर डोळ्यांत तेल घालून लक्ष.

जात दुर्मिळ असेल तरीही नाहीच का?

इथे माझं मत थोडं बदलतं. ज्या जातीत मोजकेच कुत्रे उरले आहेत तिथे प्रत्येक निरोगी, नात्याने दूरचा नर मोलाचा असतो, आणि असे नर बाजूला राहिले की जनुकीय विविधता आणखी आकसते. अशा नराच्या मालकाने टेस्ट करून घ्याव्यात आणि त्या जातीवर गांभीर्याने काम करणाऱ्यांशी बोलावं. वीर्य गोठवून वर्षानुवर्षं साठवता येतं, त्यामुळे नर म्हातारा झाल्यावर, त्याची तब्येत आयुष्यभर कशी राहिली हे पाहून मग निर्णय घेता येतो. मला हा मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. तरीही शेवटचा शब्द मालकाचाच.

"हो" म्हणणारे जबाबदार लोक काय काय विचारतात?

मादीचं वय, आधीची वेतं, जातीनुसार टेस्टचे निकाल, दोघांची ब्रुसेला टेस्ट, मादीचा स्वभाव प्रत्यक्ष भेटून. मेटिंगचा दिवस अंदाजाने न ठरवता रक्तातल्या प्रोजेस्टेरॉन या हार्मोनवरून ठरवतात. पिल्लांना घरं आधीच बघितली आहेत का, आणि एखादं पिल्लू परत आलं तर कोण ठेवणार, हेही लेखी ठरतं. हे प्रश्न ऐकून जो मालक वैतागतो त्याला नर मिळत नाही, आणि तसंच व्हायला हवं.

जवळचे लोक विचारतात. न दुखावता नाही कसं म्हणायचं?

थोडक्यात आणि पहिल्याच वेळी. "आम्ही याला मेटिंगला देत नाही, कोणालाच नाही" एवढं पुरतं. "बघू", "अजून लहान आहे" असं म्हटलं की पुढच्या हीटला पुन्हा फोन येतो. समोरच्याला खरंच ऐकायचं असेल तर टेस्टचं, पिल्लांच्या घरांचं बोला. त्यांच्या मादीत खोट काढू नका, आपल्या निर्णयापुरतं बोला. कोणी फारच आग्रह धरला तर त्यांना पशुवैद्याकडे पाठवा.

नको असताना नर-मादी लागलेच, तर?

अडकले असतील तर सोडवू नका. दोघांना शांत उभं धरा, वेळ झाला की आपोआप सुटतात. नंतर मादीच्या मालकाला लगेच कळवा, लपवू नका. तिला त्याच आठवड्यात पशुवैद्याकडे न्यायला हवं. गर्भ राहू नये म्हणून दिली जाणारी जुन्या पद्धतीची इस्ट्रोजेनची इंजेक्शनं धोक्याची आहेत. त्यांनी गर्भाशयात पू होऊ शकतो, अस्थिमज्जा निकामी होऊ शकते. अनेक देशांत त्याऐवजी अॅग्लेप्रिस्टोन हे गर्भधारणा थांबवणारं औषध वापरतात, 24 तासांच्या अंतराने दोन इंजेक्शनं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मादी खरंच गाभण आहे का हे सोनोग्राफीत साधारण 25 दिवसांनंतर दिसतं. तिला पुढे पिल्लं नकोच असतील तर नसबंदी करून गर्भधारणाही थांबवता येते. आणि ती अजून माजावर असेल तर पुढचे काही दिवस तिला बाहेर एकटी सोडू नका, कारण त्याच वेतात दुसऱ्या नराचीही पिल्लं राहू शकतात.